उद्या परत येणारं गिऱ्हाईक

बँकॉकला निघालेली माणसं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: अस्सल थाई स्ट्रीट फूड नेमकं कुठे मिळेल? देवळं, मसाज, खरेदी यांचं वेळापत्रक कुणीतरी आखून दिलेलं असतं. खाणं मात्र आपलं आपण हुडकून काढलेलं हवं असतं, आणि ते ‘टुरिस्टी’ तर अजिबात नको असतं. अशा वेळी मी पत्ते नंतर देते, आधी कसोटी सांगते. ज्या गाडीसमोर तुम्ही उभे आहात, तिचं गिऱ्हाईक उद्या परत येणार आहे का, एवढंच बघा. रोज येणाऱ्या माणसाला शिळं, पाणचट किंवा महाग देऊन कुणाची गाडी चालत नाही. उद्या विमानाने निघून जाणाऱ्याला काहीही खपवता येतं.

खाओ सान रोडवर हे लख्ख दिसतं. पाठीवर सॅक मारून आलेल्या परदेशी पोरांचा हा रस्ता. रात्री इथे काडीला टोचलेले काळेकुळकुळीत विंचू विकायला असतात आणि नुसता फोटो काढलात तरी पैसे पडतील, अशी पाटीही असते. थायलंडात किडे खातच नाहीत असं नव्हे. ईसान म्हणजे देशाच्या ईशान्य भागातली माणसं तळलेले टोळ आणि बांबूतल्या अळ्या मिटक्या मारत खातात, आणि त्यांच्या गाड्या बँकॉकमध्येही फिरतात. पण कामावरून सुटलेला माणूस घरच्यांसाठी विंचवाची काडी बांधून नेतोय, असं दृश्य मी तरी पाहिलेलं नाही. तिथल्या पॅड थाईची, म्हणजे कढईत परतलेल्या तांदळाच्या नूडल्सची, तीच कथा: गोड, तेलकट, घाईघाईत ढवळलेलं. खाओ सानला जरूर जा, गंमत बघा, बिअर प्या. जेवायला दुसरीकडे जा.

हे शहर रस्त्यावर का जेवतं, हे एकदा कळलं की दुसरीकडे म्हणजे कुठे, ते आपोआप कळायला लागतं. बँकॉकमधल्या भाड्याच्या असंख्य खोल्यांना स्वयंपाकघर नसतंच. पलंग, बाथरूम, कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी, संपलं. दोघं नवराबायको कामाला जाणारी, शहर पसरलेलं, ट्रॅफिक कुप्रसिद्ध. मग संध्याकाळी घरी जाणाऱ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या दिसतात: एकीत भात, एकीत नारळाच्या दुधातली हिरवी करी, एकीत परतलेली भाजी. पिशवीत थोडी हवा कोंडून तिच्या तोंडाला रबर बँडचा असा पीळ दिलेला असतो की पिशवी फुगून टम्म होते आणि बसच्या धक्क्यातही थेंब सांडत नाही. ती न सांडता उघडणं ही वेगळी कला. सांगायचा मुद्दा असा, की बऱ्याच बँकॉककरांसाठी रस्ता हेच स्वयंपाकघर आहे, आणि ते कामाच्या वेळेप्रमाणे चालू-बंद होतं. म्हणून ‘कुठे’ इतकंच ‘केव्हा’लाही महत्त्व आहे.

सकाळचंच बघा. सिलोम हा बँका आणि कचेऱ्यांचा भाग. साडेसात-आठला स्काय ट्रेनमधून माणसांचा लोंढा उतरतो आणि त्याच्या वाटेवर डुकराच्या मांसाच्या काड्या भाजणारे उभे असतात. याला मू पिंग म्हणतात. कोथिंबिरीची मुळं, लसूण, मिरी आणि ताडगूळ यांत मुरवलेलं मांस, भाजताना वरून नारळाच्या दुधाचा हात. सोबत चिकट भाताची चिमुकली पिशवी. काडी दहा-पंधरा बाटची (बाट म्हणजे थाई चलन). लोक पिशवी हातात घेऊन चालता चालता खातात आणि लिफ्टपर्यंत पोचेस्तोवर न्याहारी उरकलेली असते. साडेनऊला जाल तर फक्त विझत आलेले निखारे बघायला मिळतील.

तिथून नदीच्या दिशेने गेलात की चारोएन क्रुंग रस्ता लागतो. पाश्चात्त्य धर्तीवर बांधलेला बँकॉकचा हा पहिला रस्ता, 1864 मध्ये पूर्ण झाला. त्याआधी हे शहर मुख्यतः पाण्यावरून ये-जा करायचं. बांग राक भागात याच रस्त्यावर, एका जुन्या सिनेमा थिएटरच्या तोंडाशी, जोक मिळतो. जोक म्हणजे तांदूळ पार विरघळेपर्यंत शिजवलेली पेज, तीत मांसाचे गोळे, वर आल्याचे बारीक काप आणि हवं असेल तर अंडं. इथल्या पेजेला किंचित करपल्याचा धुरकट वास असतो. एरवी करपलेली पेज कुणी खाल्ली नसती, इथे त्या वासासाठीच माणसं येतात.

दुपारसाठी माझी पहिली पसंती वांग लांग बाजाराला. राजवाड्याच्या बाजूच्या धक्क्यावरून किरकोळ पैशांत होडी मिळते आणि चाओ फ्राया नदी ओलांडून ती तुम्हाला सिरिराज हॉस्पिटलच्या दारात सोडते. 1888 मध्ये सुरू झालेलं हे थायलंडचं सर्वांत जुनं हॉस्पिटल. पांढऱ्या कपड्यातल्या नर्सेस, वैद्यकीय विद्यार्थी, पेशंटचे नातेवाईक, नदीपलीकडच्या विद्यापीठातली पोरं असं सगळं गिऱ्हाईक एका बोळात कोंबलेलं असतं. आता माझी कसोटी लावून पाहा. नर्सला अर्ध्या तासाची सुट्टी, खिशाला चाट परवडत नाही आणि उद्या दुपारी ती याच बोळातून जाणार. इथे फसवाफसवी चालणं अवघड.

वांग लांगला दक्षिण थायलंडचं खाणं चांगलं मिळतं. स्टीलच्या ट्रेमध्ये करी मांडलेल्या असतात, भाताच्या ताटलीवर दोन-तीन बोट दाखवून वाढून घ्यायच्या. हळदीच्या रंगाची आंबट माशाची करी दिसली तर सावध राहा. मराठी माणसाला आपण तिखट खातो असा एक अभिमान असतो, तो या करीपुढे दुसऱ्या घासाला गळून पडतो. म्हणूनच या दुकानांत टेबलावर कच्च्या भाज्यांची थाळी फुकट ठेवलेली असते: काकडी, लांब शेंगा, कोवळा पाला. ती शोभेची नव्हे. एक घास करीचा, एक चावा काकडीचा, अशी लय धरली तर ताटली संपते. चार-पाचनंतर हा बाजार आवरायला लागतो, तेव्हा संध्याकाळी जाऊन हळहळू नका.

सोम तमविषयी मात्र मला जरा ऐसपैस बोलायचंय. कच्च्या पपईचा हा पदार्थ जगभरच्या थाई हॉटेलांत ‘पपया सॅलड’ म्हणून थंडगार येतो आणि त्याचा सगळा जीव तिथेच जातो. तो मूळचा ईसान आणि लाओसकडचा. ईसानमधून पोटासाठी बँकॉकला आलेल्या टॅक्सीवाल्यांनी, गवंड्यांनी, मोलकरणींनी तो शहरभर नेला. त्यामुळे चांगलं सोम तम हवं असेल तर टॅक्सी स्टँड, बांधकामाची जागा किंवा मोटारसायकल टॅक्सीवाल्यांचा अड्डा शोधायचा. नारिंगी जॅकेट घातलेले चार मोटारसायकलवाले जिथे उकिडवे बसून जेवतायत, तिथे बिनधास्त थांबायचं.

गाडीवर बहुधा बाईच असते. समोर मातीचा खोल उखळ आणि हातात लाकडी मुसळ. आधी लसूण आणि मिरच्या. ती बोटं दाखवून विचारते, किती? तुम्ही एक म्हणालात तर हसते. मग ताडगूळ, लिंबू, फिश सॉस, लांब शेंगांचे तुकडे, सुकी कोळंबी, शेंगदाणे, टोमॅटो. पपई किसणीवर किसत नाहीत. सोललेली पपई डाव्या तळहातावर धरून तिच्यावर सुरीने उभे-आडवे सपासप घाव घालतात आणि मग वरचा थर तासून काढतात. तुकडे लहान-मोठे, जाड-बारीक पडतात आणि चावताना तेच हवे असतात. शेवटचं काम दोन हातांचं: उजव्या हाताने मुसळ हलकेच पडतं, डाव्या हातातला लांब चमचा त्याच वेळी खालचं वर करत असतो. चेचायचं, पण लगदा होऊ द्यायचा नाही. मग ती चमच्यावर थोडा रस घेऊन तुमच्यापुढे धरते. आंबट कमी? लिंबू पिळते. हा पदार्थ असा समोरासमोर, तुमच्या जिभेला विचारून बनतो. ईसानचे लोक यात प्ला रा नावाचं आंबवलेल्या माशाचं काळपट पाणी घालतात. वास उग्र, चव खोल. पहिल्यांदाच खात असाल तर प्ला राशिवाय घ्या, पण शेजारच्याच्या उखळात पडताना वास जरूर घ्या. सोबत चिकट भात आणि कोळशावर भाजलेली कोंबडी. भात हाताने गोळा करून रसात बुडवायचा, काटा-चमच्याच्या भानगडीत पडू नये.

गंमत म्हणजे यातली पपई आणि मिरची दोन्ही मूळची अमेरिका खंडातली, युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत आशियात आलेली. शेंगदाणे आणि टोमॅटोही तिकडचेच. तेव्हा ‘अस्सल’ हा शब्द मी जरा जपूनच वापरते. पॅड थाईची कुळकथा तर आणखी मजेदार. 1939 मध्ये सयामचं नाव बदलून थायलंड करणाऱ्या पंतप्रधान फिबुनसोंगख्राम यांच्या काळात राष्ट्रवादाची लाट होती आणि लोकांनी नूडल्स खाव्यात म्हणून सरकारनेच मोहीम काढली. नूडल्स आणि कढई चिन्यांची, चिंच आणि ताडगूळ इथले, नाव मात्र छातीठोक ‘थाई’. सरकारी प्रोत्साहनाने लोकप्रिय झालेला पदार्थ आज अस्सलपणाचा मानबिंदू होऊन बसलाय. रोजच्या जेवणात थाई माणूस पॅड थाईपेक्षा पॅड क्रपाव जास्त खातो, असं माझं निरीक्षण आहे.

क्रपाव म्हणजे तुळस. तीच, आपल्या वृंदावनातली. लसूण-मिरची ठेचून तापल्या तेलात पडते आणि आसपासची सगळी माणसं खोकायला लागतात. मग खिमा, फिश सॉस, चिमूटभर साखर, आणि अगदी शेवटी मूठभर तुळशीची पानं. पानं कोमेजायच्या आत भातावर, वर कडा कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं. साठ बाटच्या आसपास दुपारचं जेवण होतं. कुठल्याही गल्लीत ‘सांगाल ते करून देऊ’ छापाची दुकानं असतात: काचेच्या पेटीत भाज्या आणि मांस, शेजारी धडधडणारा गॅस. तिथे हे मागायचं. माझ्या आजीने तुळशीचं हे वापरणं पाहिलं असतं तर काय म्हणाली असती, याचा विचार मी पहिला घास घेईपर्यंतच करते.

नूडल्सकडे वळायचं तर व्हिक्टरी मॉन्युमेंटजवळच्या कालव्याकाठी जा. पूर्वी कालव्यांतून होडीवर नूडल्स विकत. वल्हं मारायचं, रस्सा उकळायचा, भांडी धुवायची आणि डुलत्या होडीतून काठावर वाडगा द्यायचा, हे सगळं एकाच माणसाने करायचं. वाडगा लहान ठेवला तर सांडत नाही, म्हणून बोट नूडल्सचे वाडगे दोन-तीन घासांचे. होड्या गेल्या, दुकानं झाली, वाडगे तेवढेच राहिले. माणसं एकावर एक वाडग्यांचे मनोरे रचत बसतात. रस्सा काळपट, दाट, मसालेदार असतो आणि तो दाटपणा रक्ताचा असतो. हे आधी सांगून ठेवलेलं बरं. टेबलावर साखर, सुकी मिरची, मिरचीचा फिश सॉस आणि मिरचीचं व्हिनेगर अशी चौकडी ठेवलेली दिसेल. वाडगा तसाच्या तसा खाणारा माणूस इथे विरळा. आधी चाखायचं, मग आपल्याला हवं तसं वळवून घ्यायचं. इथे साखर घातल्याने स्वयंपाक्याचा अपमान होत नाही.

रात्रीचा बादशहा अर्थात याओवारात, म्हणजे बँकॉकचं चायनाटाउन. 1782 मध्ये थायलंडचा राजा पहिला राम याने नदीच्या पूर्व काठावर राजधानी वसवली, तेव्हा राजवाड्याच्या जागी राहणाऱ्या चिनी वस्तीला तिथून हलवलं. ती माणसं सामपेंगला आली आणि पुढे त्याच भागातून याओवारात रस्ता निघाला. 2019 पासून इथल्या वाट मांगकोन स्टेशनपर्यंत मेट्रो आहे, त्यामुळे पोचणं सोपं झालंय आणि गर्दी दुप्पट वाटते. संध्याकाळी सहानंतर सोन्याच्या पेढ्या शटर ओढतात आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढे घडीची टेबलं लागतात. लाल-पिवळे निऑन, कढईतल्या ज्वाळा, रांगा. इथे माझी कसोटी थोडी गोंधळते, कारण आज आलेल्यांपैकी निम्मे उद्या नसतात. पण उरलेले निम्मे तीन पिढ्यांपासून येतायत, आणि त्यांच्यामुळे दर्जा टिकून आहे. मुख्य रस्त्यावरच्या सीफूडच्या चकचकाटात अडकू नका. मिरीच्या रश्शातला क्वाय चाप मागा: गुंडाळी झालेल्या तांदळाच्या नूडल्स, डुकराच्या आतड्याचे आणि काळजाचे तुकडे आणि पांढरी मिरी इतकी, की नाक वाहायला लागतं. मिरची अमेरिकेतून येण्याआधी तिखटपणाची जबाबदारी मिरीवर होती, ती चव इथे टिकून आहे. मग आतल्या रस्त्यांना वळा. फ्लाप फ्ला चाय रस्त्याच्या बाजूला कोळशाच्या चुलीवर शिंपल्यांचं ऑम्लेट करतात. सपाट लोखंडी तव्यावर पातळ पीठ, शिंपले, अंडं, आणि उचटण्याचा खणखणाट. कुरकुरीत हवं की मऊ, तेवढं सांगा.

थोडं पुढे महाचाय रस्त्यावर जे फाय यांचं दुकान आहे. स्कीइंगचा गॉगल घालून कोळशाच्या धगीवर खेकड्याचं ऑम्लेट करणाऱ्या या बाईंना, हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशलिन गाइडच्या बँकॉकच्या पहिल्याच आवृत्तीत, डिसेंबर 2017 मध्ये, तारा मिळाला. कौशल्य वादातीत आहे. पण तासन्‌तास थांबून एका ऑम्लेटला हजाराच्या पुढे बाट मोजणं हे माझ्या हिशेबात स्ट्रीट फूडमध्ये बसत नाही. मिशलिन येण्याच्या कितीतरी आधी, 1961 पासून, थायलंडची स्वतःची एक पद्धत होती. शेल या तेल कंपनीच्या पाठिंब्याने थानाद्श्री स्वस्ती हे राजघराण्यातले खवय्ये देशभर चाखत फिरायचे आणि आवडलेल्या दुकानांना शिफारसपत्र द्यायचे. चिनी मातीच्या वाडग्याची ती पाटी अजूनही जुन्या दुकानांवर दिसते, तेलाच्या धुराने पिवळी पडलेली. मी ताऱ्यापेक्षा त्या पाटीवर जास्त विसंबते. अर्थात पाटी वडिलांना मिळालेली आणि कढई जावयाच्या हातात, असंही असू शकतं. तेव्हा आत कोण जेवतंय ते बघाच.

एखाद्याच संध्याकाळचा वेळ असेल आणि याओवारातची गर्दी नको असेल, तर नदीपलीकडचं तलात फ्लू. रेल्वेच्या जुन्या रुळांलगतचा हा भाग. इथे परदेशी चेहरा फारसा दिसत नाही. चिनी लसूणपातीच्या पाल्याचे वाफवलेले केक, लाल भाजलेलं डुक्कर आणि भात, आणि खनोम क्रोक. हा आपल्या आप्प्यांचा थाई भाऊ: तसंच खळग्यांचं लोखंडी पात्र, तांदळाचं पीठ, पण वर घट्ट नारळाचं दूध, जरा गोड, जरा खारट, कधी कांद्याची पात तर कधी मक्याचे दाणे. खालून कुरकुरीत, मधे थरथरतं. तोंड भाजल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही.

शाकाहाऱ्यांना खरं सांगायचं तर बँकॉकची गाडी अवघड आहे. नुसत्या भाजीतही फिश सॉस असतो, ऑयस्टर सॉस असतो, आणि विक्रेत्याच्या दृष्टीने ते मांस नव्हेच. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधा. जे म्हणजे मांस, अंडी, दूध नाहीच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य. जैन मंडळींनी याची नोंद घ्यावी. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुमारास चिनी पंचांगाप्रमाणे नऊ दिवसांचा जे उत्सव येतो, तेव्हा अख्खं याओवारात पिवळ्या पताकांनी भरून जातं आणि एरवी डुक्कर भाजणारी गाडीही सोयाबीन आणि अळंब्यांवर येते. शाकाहाऱ्याने जायचं तर तेव्हा. आंबा आणि चिकट भातासाठी जायचं तर एप्रिल-मे. दोन्ही एका खेपेत जमत नाही.

एप्रिल 2017 मध्ये महापालिकेने मुख्य रस्त्यांच्या फुटपाथवरून खाण्याच्या गाड्या हटवायचं जाहीर केलं तेव्हा जगभर आरडाओरडा झाला. मग खुलासा आला की याओवारात आणि खाओ सानच्या गाड्या राहतील, शिस्तीत. म्हणजे पर्यटकांच्या कॅमेऱ्यातल्या गाड्या वाचल्या, नर्सच्या आणि कारकुनाच्या गेल्या किंवा गल्लीत सरकल्या. फुटपाथवरून चालता यायला हवं हे मलाही मान्य आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाला तळणीच्या कढईला वळसा घालून वाहत्या रस्त्यावर उतरावं लागू नये. पण कुणाची गाडी ठेवायची हे ठरवताना रोजच्या जेवणाऱ्याला कुणी विचारलं नसावं, असं राहून राहून वाटतं. सुखुमवितच्या 38 नंबरच्या गल्लीतल्या जुन्या गाड्याही उंच इमारतींपुढे टिकल्या नाहीत. आता तरुण मंडळी चुलालाँगकॉर्न विद्यापीठाजवळच्या बांथात थोंग रस्त्यावर रांगा लावतात. तिथे खाणं वाईट नाही, पण निम्मी दुकानं फोनसाठी सजवलेली वाटतात.

तेव्हा मोठे रस्ते सोडा, आतल्या गल्ल्यांत शिरा. सोमवारी पुष्कळ गाड्या बंद असतात, त्या दिवशी तलात फ्लू किंवा याओवारातचा बेत आखू नका. बर्फाला घाबरू नका, मधे आरपार भोक असलेला नळकांडी बर्फ कारखान्यातून येतो. सुटे बाट जवळ ठेवा, सकाळी हजाराची नोट काढलीत तर मू पिंगवाली तुमच्याकडे नाही, तुमच्या मागच्याकडे बघेल. आणि हॉटेलच्या भाड्यात नाश्ता धरलेला असेल, तर बुकिंग करतानाच तो काढून टाकायला सांगा.